अपघातानं हिरावलेली उद्याची कमाई: मल्टिप्लायर, टक्के आणि सरासरी

आकडेमोड

रस्ता अपघातात हातपाय जायबंदी झालेल्या माणसाच्या क्लेममध्ये दवाखान्याची बिलं हा सोपा भाग. पावत्या असतात, बेरीज करायची. मोठी रक्कम असते ती पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत होणार असलेल्या आणि आता न होणाऱ्या कमाईची. जे घडलंच नाही, त्याचा हिशोब. माझं पोट विम्याच्या गणितावर चालतं. ओळखीतल्या एकाचा अवॉर्ड (मोटार अपघात न्यायाधिकरणाचा भरपाईचा निकाल) वाचायला मिळाला तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की यातला १७ आला कुठून?

ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली दावा लागतो आणि कलम १६८ म्हणतं की भरपाई न्याय्य असावी. न्याय्य म्हणजे किती, हे सर्वोच्च न्यायालयानं सुसम्मा थॉमस (१९९४) ते सरला वर्मा (२००९) या निकालांतून येत येत एका कोष्टकात बसवलं. वर्षाची कमाई गुणिले वयानुसार ठरलेला मल्टिप्लायर. १५ ते २५ वयाला १८, मग दर पाच वर्षांना एक कमी करत ४६ ते ५० ला १३. तिथून दोन-दोननं उतरत ११, ९, ७ आणि ६६ ते ७० ला ५. त्यावर प्रणय सेठीच्या निकालाप्रमाणे (३१ ऑक्टोबर २०१७, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ) पुढच्या वाढीची भर घालायची. कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० ला ३०, ५० ते ६० ला १५. स्वतःचा धंदा किंवा ठरीव पगार असेल तर ४०, २५ आणि १०.

आता समजा, कुपवाड एमआयडीसीतला २७ वर्षांचा वेल्डर आहे. महिना १८ हजार, म्हणजे वर्षाला २,१६,०००. ४० टक्के भर घालून ३,०२,४००. गुणिले १७ केले की ५१,४०,८००. ही रक्कम सगळी कमाई बुडाली असं धरलं तर. अपंगत्व ४० टक्के धरलं तर २०,५६,३२०.

हेच गणित उलटीकडून करून बघा. साठीपर्यंत त्याची ३३ वर्षं उरलेली. मग ३३ नं न गुणता १७ नं का? कारण पैसे आज एकरकमी मिळणार, त्यावर व्याज मिळणार. ३३ वर्षांचे १७ करायचे तर साधारण साडेचार टक्के दरानं वजावट करावी लागते. ४० टक्क्यांची भर धरली की १७ चे २३.८ होतात आणि तोच दर जेमतेम दोन टक्क्यांवर येतो. म्हणजे न्यायालय न बोलता असं धरून चाललंय की बँकेचं व्याज पगारवाढीच्या पुढे दरवर्षी दोनेक टक्के राहील. मधल्या काळातला मृत्यू आणि बेकारी यांची जोखीम वेगळी काढली तर दर आणखी खाली जातो. यातलं काहीच कोष्टकात लिहिलेलं नाही.

आणि पन्नाशीच्या माणसाला १३! साठीला दहाच वर्षं उरलेली असताना. तरुणांना हात आखडता, वयस्करांना सढळ, असं हे कोष्टक दिसतं मला. वकील, डॉक्टर, विमावाले, कुणी असेल तर बोला.

मुद्देसूद

पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, पण विमावाल्यांना हाक मारलीत म्हणून उठलो. क्लेम विभागातून निवृत्त झालोय.

आकडेमोड, तुमचं गणित बरोबर असेल, पण त्या कोष्टकाआधी काय चालायचं ते तुम्ही पाहिलेलं नाही. शेजारशेजारच्या दोन कोर्टांत एकाच वयाला वेगवेगळे मल्टिप्लायर लागायचे. १९९४ साली कायद्याला मल्टिप्लायरचं कोष्टक असलेलं जे दुसरं परिशिष्ट जोडलं त्यात इतक्या चुका होत्या की त्रिलोकचंद्र प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयानंच त्या दाखवून दिल्या. सरला वर्मा आल्यावर निदान दोन्ही बाजूंना रकमेचा अंदाज घरी बसून यायला लागला. लोकअदालतीत तडजोडी होतात त्या याच कोष्टकाच्या जिवावर. तुम्ही म्हणता तसा प्रत्येक दाव्यात व्याजदराचा कीस पाडायला बसलो तर वेल्डरला पैसे मिळेपर्यंत त्याचा मुलगा वेल्डर होईल.

दुसरं, ४० टक्के वाढ सरसकट सगळ्यांना कशासाठी? रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्याची कमाई खरंच वाढत जाते?

कोर्टकचेरी

मुद्देसूद साहेब, पंक्चरवाला २००५ साली एका पंक्चरचे किती घ्यायचा आणि आज किती घेतो? बाकी तुमच्या पहिल्या मुद्द्याला अनुमोदन. मी दावेदारांच्या बाजूनं उभा राहतो, तरी कोष्टक मोडा असं मी म्हणणार नाही.

पण त्यातल्या पायऱ्या फार टोचतात. ३९ वर्षांच्या धंदेवाल्याला १५ गुणिले १.४० म्हणजे २१ वर्षांची कमाई. तोच ४१ चा असेल तर १४ गुणिले १.२५, म्हणजे साडेसतरा. दोन वाढदिवसांत साडेतीन वर्षांची कमाई गळाली. आकडेमोड यांच्या वेल्डरच्या पगारावर हा फरक ७,५६,००० रुपयांचा. ४९ आणि ५१ मध्ये तर सव्वासोळाचे १२.१ होतात. आयुष्य असं पायरीपायरीनं उतरत नाही, पण कोष्टक उतरतं.

म्हणून आमच्याकडे जन्मतारखेवर जेवढी भांडणं होतात तेवढी लग्नाच्या बाजारातही होत नसतील. आधारवर एक तारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी, मतदार ओळखपत्रावर तिसरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरोज प्रकरणात हाच घोळ निस्तरला. दाखल्याप्रमाणे वय ४५, आधारप्रमाणे ४७. न्यायाधिकरणानं १४ लावला होता, उच्च न्यायालयानं १३ केला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधार हा वयाचा पुरावा नव्हे, दाखला ग्राह्य, आणि १४ परत आला.

पन्नाशीच्या १३ बद्दल: निवृत्तीपर्यंत एक मल्टिप्लायर आणि नंतर दुसरा, असे तुकडे पाडायचा प्रयत्न विमा कंपन्या करतात. सर्वोच्च न्यायालयाला तो मान्य नाही.

मात्र जखमींच्या दाव्यात लढाई मल्टिप्लायरवर नसतेच. ती असते टक्क्यावर. ५१ लाखांचे वीस होतात ते तिथे. त्यावर रात्री सविस्तर लिहितो, आता तारीख आहे.

लीड्सकर

वाचनखूण साठवली. मी इकडे इंग्लंडमध्ये इजेच्या दाव्यांच्याच कामात आहे, म्हणून थोडी भर.

आकडेमोड ज्या न बोललेल्या दराबद्दल म्हणतायत, तो इथे उघड असतो. लॉर्ड चॅन्सेलर (इथले न्यायमंत्री) तो जाहीर करतात आणि सरकारी अॅक्चुअरी (विमागणिती) खात्याची ऑग्डन कोष्टकं, म्हणजे इथले मल्टिप्लायर, त्यावर चालतात. पहिली आवृत्ती १९८४ ची, सध्या आठवी. २००१ पासून दर अडीच टक्के होता. मार्च २०१७ मध्ये तो उणे पाऊण टक्का केला. हो, उणे! सुरक्षित रोख्यांत पैसे ठेवले तर महागाई व्याजाला खाऊन वर मुद्दलालाही हात घालते, असं मान्य केलं. विमा कंपन्यांनी आकाशपाताळ एक केलं. मग ऑगस्ट २०१९ मध्ये उणे पाव आणि जानेवारी २०२५ पासून अधिक अर्धा टक्का.

मृत्यूची शक्यता बाजूला ठेवून नुसतं व्याजाचं गणित केलं तर या वेल्डरच्या ३३ वर्षांना अडीच टक्क्यांनी २२.३ येतात, उणे पाऊणनं ३७.६ आणि आताच्या अर्ध्या टक्क्यानं ३०.४. माणूस तोच, जखम तीच. दर उघड असला की भांडण तरी उघड्यावर होतं, एवढाच त्यातला फायदा.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा फरक. तुमच्याकडे कमाई गुणिले टक्के करतात. इथे दोन आयुष्यं मांडतात: अपघात झाला नसता तर जे मिळालं असतं ते, आणि आता जे मिळू शकेल ते. दुसऱ्यातून पहिलं वजा नाही, पहिल्यातून दुसरं वजा. आणि दोन्हींना वेगवेगळे गुणक लावतात, कारण श्रमबलाच्या पाहणीत दिसतं की अपंगत्व असलेला माणूस कामाबाहेर जास्त काळ राहतो. शिक्षण किती, अपघाताच्या वेळी नोकरी होती का, अपंगत्व आहे का, यावर ते गुणक ठरतात. त्यामुळे आज नोकरी टिकून असली तरी उद्या ती गेल्यावर दुसरी मिळायला जड जाईल, ही गोष्ट हिशोबात येते.

हाडवैद्य

टक्क्याचा विषय निघालाच आहे तर आमची बाजूही ऐका, कारण शिव्या शेवटी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरलाच पडतात.

मनगट मोडून जुळलेला माणूस समोर बसतो. कोनमापक लावून मी मनगट किती वर जातं, किती खाली, तळवा कितपत उलटा होतो ते अंशांत मोजतो. स्नायूंची ताकद तपासतो. मग शर्टाचं बटण लावता येतं का, पेन धरता येतं का, ही यादी. प्रत्येकाचे टक्के वेगळे आणि ते साधे मिळवायचे नसतात. एक ४० आणि दुसरं २० आलं तर उत्तर ६० नाही. सरकारी मार्गदर्शिकेत सूत्र आहे: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले नव्वदातून मोठा वजा, भागिले नव्वद. म्हणजे ५१. शिवाय हे टक्के त्या हाताचे, सगळ्या शरीराचे नाहीत.

आता गंमत बघा. या सगळ्या मोजमापात माणूस पोटासाठी काय करतो हे कुठेच येत नाही. तबला वाजवणारा असो की रखवालदार, अंश तेवढेच. प्रमाणपत्र मुळात सवलती आणि पेन्शनसाठी आखलेलं आहे, कमाईचं नुकसान मोजायला नव्हे.

आणि कोर्टात बोलावलं की हमखास उलटतपास. "डॉक्टर, हे टक्के एका अवयवाचे की पूर्ण शरीराचे?" अवयवाचे. "मग पूर्ण शरीराचे किती?" काही ठिकाणी सरळ तिसरा हिस्सा धरायची पद्धत पडली आहे. ती कुठल्या शास्त्रातून आली, देव जाणे. पुढचा प्रश्न, "हा इसम बसून करायचं काम करू शकेल ना?" शकेल, म्हणतो मी. खोटं कसं बोलू? पण वेल्डिंगशिवाय काहीच न शिकलेल्या माणसाला बसून करायचं काम देणार कोण, हे मला कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी ते माझं क्षेत्र नाही.

मुद्देसूद

हाडवैद्य, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. पण अंगठ्याच्या फ्रॅक्चरला ५५ टक्क्यांची प्रमाणपत्रंही मी पाहिली आहेत. ती देणारे तुमच्यातलेच. आम्ही उलटतपास घेतो तो हौसेनं नाही.

कोर्टकचेरी

आलो. टक्क्याचं सांगतो.

राजकुमार वि. अजय कुमार हा २०१० चा निकाल या विषयात पाठ असायला हवा. त्यात साफ म्हटलंय की शारीरिक अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या क्षमतेचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास. पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर नुकसान जवळपास शंभर. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते, मग शंभर कसं म्हणणार? न्यायाधिकरणानं आधी बघायचं की हा माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही. मग त्याचा पेशा, वय, कामाचं स्वरूप. आणि शेवटी ठरवायचं की जुनं काम पूर्ण गेलं, थोडं करता येतं, की दुसरं काही करून पोट भरता येईल.

आता वेल्डरकडे या. हात हालतो पण होल्डर स्थिर धरता येत नाही. तिसरा हिस्सा धरून कुणी साधारण १३.३ टक्के लावले तर हातात येतात ६,८५,४४०. प्रमाणपत्राचे ४० जसेच्या तसे घेतले तर साडेवीस लाख. त्याचं काम बघून ७५ धरले तर ३८,५५,६००. मल्टिप्लायर तिन्हीकडे १७ च.

हे कसं हेलकावतं त्याचा नमुना म्हणजे २०२० चं पप्पू देव यादव प्रकरण. टायपिंग आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या तरुणाचा उजवा हात गेला. प्रमाणपत्र ८९ टक्क्यांचं. उच्च न्यायालयानं कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं, सर्वोच्च न्यायालयानं ६५. पुढच्या वाढीची भर फक्त मृतांच्या वारसांपुरती नाही, ती जखमींनाही मिळते, हेही त्यात पक्कं केलं. त्याआधी २०१८ मध्ये जगदीश वि. मोहनमध्ये दोन्ही हात निकामी झालेल्या सुताराला ९० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर नुकसान १०० टक्के धरलं होतं.

४५, ६५, ८९. एकाच हाताचे तीन आकडे. आकडेमोड, तुमचं शास्त्र इथे काही मदत करू शकतं का?

आकडेमोड

करू शकतं, पण जपून. माझं दुखणं तिथेच आहे.

मोह असा होतो की सरकारी पाहणी उघडावी आणि आकडा उचलावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) १५ वर्षांवरच्या अपंग व्यक्तींपैकी श्रमबलात होते फक्त २३.८ टक्के. आता दावेदाराचा वकील म्हणेल, बघा साहेब, चारातले तीन अपंग कामाबाहेर, आमच्या अशिलालाही तसंच धरा. ऐकायला जोरदार वाटतं. पण त्या पाहणीत सत्तरीतल्या आजी आहेत, जन्मतः दृष्टी नसलेली माणसं आहेत, शाळेचं तोंड न पाहिलेले आहेत. २७ वर्षांच्या, आठ-नऊ वर्षं कमावलेल्या, फक्त उजवं मनगट गेलेल्या पुरुषाची ती सरासरी नव्हे. २०११ च्या जनगणनेत अपंग पुरुषांत काम करणारे ४७ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के. नुसतं स्त्री-पुरुष वेगळं केलं तरी आकडा दुप्पट-निमपट होतो. वय, शिक्षण, कुठला अवयव, असं एकेक वेगळं करत गेलं की आकडा आणखी सरकतो. शेवटी एवढी थोडी माणसं उरतात की पाहणी काहीच सांगू शकत नाही.

विमा कंपनीचा वकील तीच युक्ती उलटी करेल. एकूण कामगारांची सरासरी दाखवून म्हणेल, बसून करायची कामं भरपूर वाढली आहेत.

दोघंही आकडेशास्त्रच वापरतायत. प्रश्न इतकाच, की सरासरी कुणाची? माझ्या मते कोर्टानं दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. माणूस किती वर्षं जगेल, व्याज आणि पगारवाढ यांचा मेळ कसा राहील, या गोष्टी एकट्या वेल्डरकडे बघून कुणालाच कळणार नाहीत. तिथे कोष्टक हवंच, आणि ते वेळोवेळी तपासलेलं हवं. २००९ चे आकडे अजून तसेच आहेत. सेठीच्या निकालात मृत्यूच्या दाव्यातल्या अंत्यविधी, मृताच्या संपदेचं नुकसान, सहवास गमावणं यांच्या रकमा दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढवायला सांगितल्या. त्या रकमा तेव्हा १५ हजार, १५ हजार आणि ४० हजार होत्या. जो आकडा लाखांनी फरक करतो त्या मल्टिप्लायरला मात्र असं वेळापत्रक नाही! याउलट काम गेलं किती, राहिलं किती, हे त्या माणसाकडे बघून कळतं. तिथे राष्ट्रीय सरासरी आणू नये.

चकलीताई

मी इथली नेहमीची वाचक, लिहीत नाही फारशी. पण 'वर्षाची कमाई गुणिले' वाचून विचारावंसं वाटलं. ज्यांची कमाई कागदावर नाहीच त्यांचं काय? मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. दसरा-दिवाळीत झोपायला वेळ नसतो, वैशाखात सोऱ्या माळ्यावर. हिशोब वहीत, पावती कधी फाडली नाही. शिवाय घरचं सगळं आहेच, सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलांचे डबे. उद्या माझं मनगट मोडलं तर माझी वर्षाची कमाई कोर्ट किती धरणार?

कोर्टकचेरी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. पुरावा नसला की कोर्ट बहुतेक वेळा किमान वेतनाची अधिसूचना उघडतं. आपल्याकडे परिमंडळाप्रमाणे दर असतात आणि विशेष भत्ता सहामाहीनं बदलतो, त्यामुळे अपघाताच्या तारखेचा दर काढावा लागतो. पण तुमची वही हा पुरावाच आहे, तारखा आणि गिऱ्हाइकांची नावं असतील तर. नेहमीच्या दोघी-चौघी गिऱ्हाइकांनी साक्ष दिली तर आणखी जोर येतो. क्यूआर कोड लावला असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यात दिवाळीचा डोंगर आणि वैशाखाचा खड्डा दोन्ही दिसेल. निदान तीन वर्षांची सरासरी धरा. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर दाखवलं तर समोरचा वकील सोडणार नाही.

घरकामाचं म्हणाल तर ५ जानेवारी २०२१ चा कीर्ती वि. ओरिएंटल इन्शुरन्स हा निकाल आहे. गृहिणीच्या श्रमाला पैशांत मोल धरायचं, आणि त्यावर पुढच्या वाढीची भरही द्यायची.

आकडेमोड

त्या निकालात पाहणीचा आकडा वापरलाय म्हणून मला तो आवडतो. २०१९ ची वेळ-वापर पाहणी: घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बाईचे दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाचे ९७.

चकलीताई, यातली मेख सांगतो. ही सरासरी फक्त ज्यांनी त्या दिवशी घरकाम केलं त्यांची. स्त्रियांत असं काम करणाऱ्या ८१.२ टक्के आणि पुरुषांत २६.१ टक्के. घरकामाला हात न लावणारे पुरुषही हिशोबात घेतले तर ९७ मिनिटांची होतात साधारण २५, आणि स्त्रियांची २४३. तिपटीचा फरक जवळपास दहापटीवर गेला. पुन्हा तेच, सरासरी कुणाची? २०२४ च्या पाहणीत आकडे २८९ आणि ८८ आहेत, म्हणजे पाच वर्षांत फार काही हललेलं नाही.

चकलीताई

९७ मिनिटं ऐकून आमच्याकडे हशा पिकला. २५ पटतंय. :)

लीड्सकर

थोडं अवांतर, पण 'सरासरी कुणाची' वरून राहवत नाही. अमेरिकेत हा प्रश्न फार कडू वळणावर गेला होता. कृष्णवर्णीय दावेदाराचं आयुर्मान आणि पुढची कमाई मोजताना कृष्णवर्णीयांची सरासरी लावायची पद्धत होती. म्हणजे समाजानं आधी कमी पगार दिला आणि मग त्याच पगाराच्या आधारानं भरपाईही कमी. २००३ च्या स्टेटन आयलंड फेरीच्या अपघातातल्या एका दाव्यात न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी २००८ मध्ये वंशानुसार आयुर्मान लावायला नकार दिला. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदा करून वंश किंवा लिंग बघून बुडीत कमाईची भरपाई कमी करायला बंदी घातली. आमच्या ऑग्डनमध्ये स्त्री-पुरुषांची कोष्टकं अजून वेगळी आहेत.

मुद्देसूद

धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत परत येऊया. लीड्सकर, भारतात मल्टिप्लायर स्त्री, पुरुष, जात, प्रांत काही बघत नाही, फक्त वय. ही त्या ठोकळेबाज कोष्टकाची जमेची बाजू, लिहून ठेवा. आकडेमोड यांनी आयुर्मानाप्रमाणे ते तासायला घेतलं तर उद्या कुणीतरी म्हणेल केरळच्या माणसाला जास्त आणि उत्तर प्रदेशच्या माणसाला कमी.

आकडेमोड

मान्य. मला पायऱ्या काढायच्या आहेत आणि दर उघड हवाय. प्रांतवार आयुर्मान मलाही नको.

कंदीपेढा

उशिरा आलोय. धाकट्या भावाचा पाय गेला, गुडघ्याखाली. ३१ वर्षांचा आहे, खाजगी कंपनीत स्टोअर्समध्ये. कंपनी चांगली निघाली, कामावर परत घेतलं, पगार तोच. विमा कंपनी म्हणते कमाईचं नुकसान शून्य. खरंच शून्य का?

कोर्टकचेरी

नाही. पण आपोआप मिळेल असंही समजू नका.

राजकुमारच्या निकालातच आहे की नोकरी टिकली तर कमाईच्या नुकसानीचे टक्के कमी होतील. पण तुमच्या भावाचं नुकसान आजच्या पगारात दिसणार नाही, ते पुढे आहे. स्टोअर्समधून सुपरवायझर व्हायचं तर फिरतीचं काम करावं लागतं का? त्याच्याबरोबर लागलेले आता कुठे पोचलेत? ही कंपनी बंद पडली तर कृत्रिम पायावर दुसरीकडे मुलाखतीला गेलेल्या माणसाला कोण घेणार? लीड्सकरांनी जे दोन आयुष्यांचं मांडलं ते इथेच लागू पडतं, फक्त आपल्याकडे तयार गुणक नाहीत, साक्षीनं उभं करावं लागतं. एचआरच्या माणसाला साक्षीला बोलवा. बढतीचे नियम, त्याच्या बॅचच्या लोकांच्या पगारपत्रकांचा तपशील, ओव्हरटाइम पूर्वी किती मिळायचा आणि आता किती, हे सगळं कोर्टासमोर येऊ द्या. ओव्हरटाइम लोक हमखास विसरतात.

कृत्रिम पायाचा खर्च वेगळ्या शीर्षकाखाली मागा, आणि एकदाच नाही. ३१ व्या वर्षी बसवलेला पाय जन्मभर पुरत नाही. किती वर्षांनी बदलावा लागेल आणि दुरुस्तीला काय येईल, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी तिसरा हिस्सा कापत नाहीत, तो मृत्यूच्या दाव्यातला नियम. तोही कुणी लावायला आलं तर अडवा.

आणि दावा दाखल केलाय ना? २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत आणली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली.

कंदीपेढा

दाखल आहे साहेब, चौथ्या महिन्यातच केला. ओव्हरटाइमचं खरंच डोक्यात नव्हतं. महिन्याला चारेक हजार सुटायचे त्याचे, आता रात्रपाळी देतच नाहीत. पगाराच्या स्लिपा काढायला सांगतो आजच.

हाडवैद्य

कंदीपेढा, पाय बनवणाऱ्याच्या कागदाबरोबर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून खुंटाची, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची, स्थितीही लिहून घ्या. खुंट आखूड असेल किंवा कातडी वारंवार सोलवटत असेल तर दिवसभर पाय घालून उभं राहता येत नाही. प्रमाणपत्राच्या टक्क्यात हे येणार नाही.

आकडेमोड

कायम मदतनीस लागणाऱ्यांचा खर्च राहिलाच. काजल प्रकरणात (२०२०) बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन मदतनिसांचे महिना दहा हजार गुणिले १२ गुणिले १८, असे २१,६०,००० दिले होते. दहा हजारात दोन माणसं, तीही जन्मभर. त्यावर वेगळा धागा काढतो, दुवा इथे देईन.